क्लेममधला कुत्रा

आमच्या घरात पहिली गाडी आली ती माझ्या पगारावर आणि बाबांच्या हट्टावर. मी तेव्हा हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा आमचा खानदानी धंदाच म्हणायचा. फरक एवढाच, की माझ्या हातून चूक निसटली तर अमेरिकेतून एक तिरसट ईमेल यायचा, आणि बाबांच्या हातून निसटली असती तर कुणाची तरी बोटं गेली असती.

त्या काळात कर्ज मागायला बँकेत जावं लागत नव्हतं. बँकवालेच दिवसातून चार वेळा फोन करून घ्या हो घ्या म्हणून गळ घालायचे. माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकानं घेतलं, मीही घेतलं. निवृत्तीनंतर खडकीचं क्वार्टर सोडून आम्ही हडपसरला फ्लॅट घेतला होता आणि पार्किंगची जागा रिकामी पडलेली बाबांना बघवत नव्हती. साठाव्या वर्षी ते ड्रायव्हिंग स्कूलला गेले. शिकवणारा म्हणाला, "काका, आता या वयात कशाला?" बाबांनी पहिल्या फटक्यात परवाना काढून दाखवला. मी रिव्हर्स घेताना नापास झाले होते. हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं.

शोरूमवाल्यानं चाकापुढे फोडायला नारळ आणला तेव्हा बाबा म्हणाले, "फोडू नका, तसाच द्या. चटणीला होईल." घरी येऊन आम्ही बुद्धवंदना म्हटली, आईनं पेढे वाटले आणि चटणीही खरोखर झाली.

अपघात अगदी साधा होता. एका रविवारी सकाळी बाबा गाडी घेऊन मटण आणायला गेले. दुकान चालत दहा मिनिटांवर, पण दारात गाडी असल्यावर चालणार कोण? परत येताना तिसरा गिअर नीट पडला की नाही, हे बघायला त्यांनी क्षणभर मान खाली घातली, आणि तेवढ्यात गाडी रस्त्यातल्या नव्याकोऱ्या दुभाजकावर चढून बसली. डावा दिवा, बंपर, मडगार्ड आणि आतला रेडिएटर असं सगळं एका झटक्यात गेलं. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. मटणही शाबूत होतं, आणि दुपारी ते झालंही.

ते शिजत असताना बाबांनी फुलस्केप कागद मागितले आणि अहवाल लिहायला बसले. कारखान्यात त्यांच्या विभागाची एक रीत होती. काही बिघडलं, सांडलं, पडलं की ज्याच्या हातून झालं त्यानं अहवाल लिहायचा, आणि त्यातलं पहिलं कलम असायचं 'माझे काय चुकले'. काय घडलं ते दुसऱ्या कलमात. बाबा म्हणायचे, तिथं एकानं आपली चूक झाकली तर ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातात फुटते. चौतीस वर्षं त्यांनी ही रीत पाळली होती आणि घरातही सोडली नव्हती. दूध उतू गेलं तरी आईनं पहिलं कलम सांगावं अशी त्यांची अपेक्षा असायची. आईनं ती कधी पुरी केली नाही.

तर बाबांनी चार पानी अहवाल लिहिला. माझे काय चुकले : चालू गाडीत मान खाली घालून गिअरकडे पाहिले. सोबत रस्त्याचा नकाशा, पावलांनी मोजलेली अंतरं, दुभाजकाची उंची. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रजिस्टर पोस्टानं विमा कंपनीला पाठवून दिला आणि पोचपावती फाईलला लावली. संध्याकाळी मला म्हणाले, "मी कंपनीला अहवाल पाठवलाय."

मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता "बरं" म्हणाले.

आता माझं पहिलं कलम. आमचा विमा एजंट सदाशिव पेठेतला. स्कूटरवर दप्तर घेऊन फिरायचा आणि बोलायचा असं, की आपणच त्याचा वेळ खातोय असं वाटावं. गाडी माझ्या नावावर, म्हणून बुधवारी तो माझ्या ऑफिसच्या फाटकापाशी क्लेमचा फॉर्म घेऊन आला. त्या दिवशी आमचं सॉफ्टवेअर अमेरिकेला रवाना व्हायचं होतं, वर सगळे फोनला चिकटून बसले होते आणि मी पाच मिनिटांची म्हणून खाली आले होते.

"फुल्या मारल्यात, तिथं तिथं सह्या करा," तो म्हणाला.

"बाकीचा कोराच आहे की."

"मी भरतो ना. गिऱ्हाइकानं भरला की मला दुसरा फॉर्म आणायला लागतो."

मी त्याच्या स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवून पाच सह्या ठोकल्या. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी प्रोग्रॅम परत पाठवणारी बाई मी! कोऱ्या कागदावर पाच सह्या करून लिफ्टकडे पळाले, आणि पळताना मला काहीसुद्धा वाटलं नाही.

महिनाभरानं कंपनीचं पत्र आलं. तीन ओळींचं, इंग्रजीत. अर्जदाराच्या आणि चालकाच्या निवेदनांत अपघाताच्या कारणाबाबत तफावत आहे, सबब खोटे निवेदन केल्याच्या कारणास्तव दावा नामंजूर. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मला विचारलं, "खोटं कोण बोललं? मी?"

मी गॅलरीत जाऊन एजंटला फोन लावला. माझ्या क्लेममध्ये नेमकं काय लिहिलंय ते विचारलं.

"नेहमीचंच. अचानक कुत्रा आडवा आला, त्याला वाचवताना गाडी दुभाजकावर गेली."

"अहो, पण कुत्रा नव्हताच!"

"कुत्रा असतोच, मॅडम. माझ्या फायलीत एकाही गाडीवाल्याची चूक नाही."

"सगळं कुत्र्यांनीच केलं?"

"दोन ठिकाणी म्हैस आहे. पण ते मांजरी, फुरसुंगी या गावांकडचं." मग जरा रागानंच म्हणाला, "काकांना अहवाल पाठवायला सांगितला कुणी? निदान मला विचारायचं तरी."

मी तेव्हाच आत जाऊन बाबांना सांगायला हवं होतं, की बाबा, तुम्ही खरं लिहिलंत, खोट्याखाली सही माझी आहे. दोन वाक्यांचं काम. पण मला लाज वाटली. बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता, त्यामुळे त्यांची भीती अशी मला कधी नव्हतीच. त्यांच्या नजरेतून उतरण्याची मात्र होती. त्यांच्या लेखी मी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली तपासनीस होते. ऑफिसात मी काय करते ते त्यांना नीट कळत नसे, पण 'आमची मुलगी बघितल्याशिवाय सही करत नाही' हे ते लोकांना कौतुकानं सांगत. मी आत गेले आणि म्हणाले, "कंपनीचाच काहीतरी घोळ आहे बाबा. दुसऱ्या कुणाची फाईल आपल्यात मिसळली असेल."

बाबांचा लगेच विश्वास बसला. आणि कंपनीचा घोळ आहे म्हटल्यावर त्यांनी कंबर कसली.

"पैशाचं तुझं तू बघ," ते म्हणाले. "मला तो शब्द काढून पाहिजे."

मग दर मंगळवारी, फाईल काखोटीला मारून, बसनं कॅम्पातल्या विमा कंपनीच्या ऑफिसात. त्यांनी कंपनीला एकूण सात पत्रं लिहिली. प्रत्येकाला क्रमांक, आधीच्या पत्राचा संदर्भ, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत. कंपनीनं परवान्याची प्रत तीन वेळा मागितली, त्यांनी तीन वेळा दिली आणि तिसऱ्या वेळी आधीच्या दोन पोचपावत्यांच्या प्रतीही जोडल्या. कंपनीच्या एका उत्तरात आमच्या गाडीचा नंबर चुकला होता. बाबांनी त्याच्याखाली लाल रेघ मारून ते पत्र 'दुरुस्तीसाठी परत' असं लिहून पाठवलं. पाचव्या मंगळवारी काउंटरवरच्या माणसानं त्यांच्यासाठी चहा मागवला. बाबा घरी येऊन म्हणाले, "विरघळतायत."

इकडे गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, मी शेअर रिक्षात तिघींच्यात चौथी बसून ऑफिसला जात होते, आणि रोज संध्याकाळी जेवताना मला केसचा वृत्तांत ऐकावा लागत होता. बाबा इतके रंगात येऊन सांगत, की कधी कधी मलासुद्धा कंपनीचा राग यायचा. मग आठवायचं, की कंपनी बिचारी बरोबर आहे. तिच्यापुढे दोन कागद आहेत आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत.

तोडगा एजंटनं काढला. "काकांचा अहवाल मागे घ्यायचा. वय झालंय, स्मरणशक्ती कमी झालीय, घाबरून काहीतरी लिहिलं, असं तुम्ही पत्र द्या. कुत्रा राहील, क्लेम होईल, आणि खोटंबिटं काही राहणार नाही."

मी त्याला झाडायला हवं होतं. मी विचार करायला वेळ मागितला. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, मी चार ओळींचं पत्र लिहिलं : माझे वडील एकसष्ट वर्षांचे आहेत. गेले काही महिने त्यांच्या लक्षात राहत नाही. अपघाताच्या धक्क्यात त्यांनी लिहिलेला अहवाल कृपया विचारात घेऊ नये. अपघात मी अर्जात म्हटल्याप्रमाणेच झाला आहे. खाली सही, या वेळी नीट वाचून केलेली. मी स्वतःची समजूत घातली, की तो नुसता कागद आहे, फायलीत जाईल, बाबांना कधी दिसणारही नाही. त्यांना तो शब्द काढून हवा आहे ना, मग निघेल तो. 'खोटं'च्या जागी 'विसराळू' येईल, एवढंच. आपण फार हुशारीनं गुंता सोडवला, असंही मला वाटलं, आणि मी परत जाऊन दुसऱ्यांच्या चुका शोधायला लागले.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. अर्जदार आणि चालक या दोघांनी समक्ष सुनावणीस हजर राहावे.

बाबांना वाटलं, आपल्या सात पत्रांचं हे फळ. सुनावणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि बसमध्ये मला सगळे मुद्दे क्रमानं म्हणून दाखवले. मी दोनदा "बाबा, ऐका ना" म्हणून सुरुवात केली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "थांब, चौथा मुद्दा राहिलाय." मी थांबले. खरं सांगायचं तर त्यांनी थांबवलं याचं मला बरंच वाटलं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, टेबलावर फायलींचा ढीग आणि चेहऱ्यावर 'आटपा' असा भाव. बाबांनी नमस्कार करून पहिला मुद्दा सुरू केला.

"अहो, थांबा. आपलं बोलून व्हायच्या आधीच प्रश्न मिटलाय," बाई म्हणाल्या. "आपल्या मुलीनं पत्र दिलंय. ते वाचते, आपण दोघांनी हो म्हणा, की झालं."

आणि त्यांनी माझं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं.

मला वाटलं होतं, त्या नुसतं चाळतील. त्यांनी शब्द न् शब्द वाचला. बाबा आधी मान तिरकी करून ऐकत होते, दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांबद्दल चाललंय अशा कुतूहलानं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईंचं वाचून झाल्यावर म्हणाले, "बघू?"

त्यांनी आधी सही बघितली, मग मजकूर. मग अर्ज मागून घेतला, त्यातलं कारण वाचलं, त्याखालची सही बघितली. "सही तुझीच आहे," ते म्हणाले.

"हो."

एरवी बाबा अशा वेळी टेबलावर बोटानं टकटक करतात. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून ते नुसते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. बाईंनी घड्याळ बघितलं.

"मॅडम," शेवटी बाबा म्हणाले, "मुलीनं लिहिलंय म्हणजे तसंच असेल. तिचं काम फार बारीक असतं, ती बघितल्याशिवाय सही करत नाही. असेल कुत्रा. मलाच आठवत नसेल."

हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलतोय, असं मला वाटलं. चौतीस वर्षं जी रीत पाळली ती माझी अब्रू राखायला एका परक्या बाईसमोर मोडतोय! बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि "ठीक आहे, तशी नोंद करते" म्हणाल्या.

"करू नका," मी म्हणाले. "कुत्रा नव्हता. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. हे पत्रही खोटं आहे. माझ्या वडिलांना सगळं आठवतं, त्यांनी लिहिलंय तेच खरं आहे."

बाईंनी टोपण परत लावलं. "अहो, आत्ता मंजूर करत होते की मी." मग त्यांनी बाबांचा चार पानी अहवाल उलटून पालटून बघितला. "आणि काय हो, गाडी चालवणाऱ्याच्या चुकीनं धडकली तरी विमा मिळतोच. परवाना होता, प्यायलेले नव्हते, अजून काय पाहिजे? हा एक कागद आला असता तर पंधरा दिवसांत काम झालं असतं. कुत्रा मध्ये आणलात कशाला?"

हेच मी नंतर एजंटला विचारलं. तो म्हणाला, पूर्वीपासून असंच लिहितात.

पुढे दोन महिन्यांनी कंपनीचं शेवटचं पत्र आलं. चालकाचे निवेदन सत्य मानण्यात येत आहे. अर्जदाराने जाणीवपूर्वक चुकीची माहिती दिल्याने दावा कायमचा नामंजूर. बाबांना हवं होतं ते मिळालं आणि मला मिळायला हवं होतं ते मला. गाडी मी माझ्या पगारातून दुरुस्त केली आणि ती पुढे सात वर्षं चालली. हे सगळं मी आता हसत सांगते, लग्नाकार्यात लोक मुद्दाम सांगायला लावतात, आणि म्हशीपाशी हमखास हशा पिकतो.

पण त्या दिवशी बाईंच्या खोलीतून बाहेर पडल्यानंतरचं मी सांगत नाही.

आम्ही जिना उतरत होतो. मधल्या वळणावर बाबा कठड्याला धरून थांबले आणि पायरीवर बसले. इस्त्रीच्या कपड्यांत पायरीवर बसणारा माणूस नव्हे तो. मी शेजारी बसले. मला रडू येत होतं. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. पण तुम्ही माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

"खोटं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी कुठं खोटं बोललो?"

"कुत्रा असेल म्हणालात ना."

"अगं, तू लिहिलं होतंस. दोन ठिकाणी तुझी सही होती. तू उगाच कशाला लिहिशील? मला वाटलं, होताच कुत्रा आणि मीच विसरलो. तिथं बसून तो कसा होता ते आठवत होतो. काळा, तांबडा, काहीच येईना. मग म्हटलं, अजून काय काय विसरलो असेन? तुला आणि तुझ्या आईला माहीत असेल, मलाच सांगत नसाल. घाबरलो गं मी."

मी त्यांचा हात धरला.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा. एकदम ठिकाणावर आहे."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस."

त्या दिवसापर्यंत बाबांनी माझं कुठलंही उत्तर दुसऱ्यांदा विचारून घेतलं नव्हतं.